पाठ ११ : अलंकार – अपुऱ्या शब्दांना पुरे करणारी भाषा

११.१ प्रस्तावना



‘काल मुसळधार पाऊस पडला’, ‘पोटात कावळे ओरडू लागले’, ‘पोरगी म्हणजे नुसता वारा आहे’ अशी वाक्ये आपण दररोज बोलतो. ती बोलताना आपण काही विशेष करत आहोत, असे आपल्याला वाटतही नाही. पण क्षणभर थांबून विचार करा. पावसाच्या धारा खरोखरच मुसळाएवढ्या जाड नसतात. पोटात कावळे नसतात. पोरगी वाऱ्यासारखी अदृश्य नसते. तरीही ऐकणाऱ्याचा गैरसमज होत नाही. उलट ‘पुष्कळ पाऊस पडला’ किंवा ‘मला भूक लागली’ या साध्या वाक्यांपेक्षा आपले म्हणणे त्याच्यापर्यंत अधिक नेमकेपणाने पोहोचते.

भाषेच्या या सामर्थ्याला ‘अलंकार’ म्हणतात. अलंकार म्हणजे भाषेचे दागिने, असे आपण ऐकले असेल. ते चूक नाही; परंतु तेवढ्यावर थांबून चालणार नाही. ‘अलंकार’ हा शब्द संस्कृतमधील ‘अलम्’ आणि ‘कृ’ यांपासून झाला आहे. ‘अलम्’ म्हणजे पुरेसे, समर्थ आणि ‘कृ’ म्हणजे करणे. जे शब्दांना पुरेसे करते, ते अलंकार. दागिना काढून ठेवला तरी माणूस तसाच राहतो. चांगला अलंकार वाक्यातून काढला, तर अर्थच कमी होतो. या पाठात आपण अलंकारांचा अभ्यास याच दृष्टीने करणार आहोत.

११.२ उद्दिष्टे

या पाठाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द ओळखणे.
• उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अपन्हुती, व्यतिरेक, अनन्वय व अतिशयोक्ती यांतील फरक सांगणे.
• चेतनगुणोक्ती, दृष्टान्त आणि प्रमुख शब्दालंकार ओळखणे.
• मराठी व इंग्रजी अलंकारांची तुलना करणे.
• अलंकार कोठे वापरावा आणि कोठे टाळावा, याचा विवेक करणे.

११.३ अलंकार कोणाचे?

अलंकारांचे शास्त्र फार जुने आहे. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ या ग्रंथात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार सांगितले आहेत. पुढच्या पंडितांनी त्यांत भर घातली आणि अप्पय्य दीक्षित यांच्या ‘कुवलयानंद’ या ग्रंथापर्यंत ही संख्या शंभराच्या पुढे गेली. एवढी नावे ऐकली की अलंकार ही पंडितांची मिरासदारी आहे, असे वाटू लागते. वस्तुस्थिती तशी नाही. पंडितांनी अलंकारांना नावे दिली; अलंकार मात्र त्याआधीपासून लोकांच्या बोलण्यात होते.

बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण पाहा. त्यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोदे या गावी झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्या ओव्या रचत आणि घरातील मंडळी त्या उतरवून घेत. १९५१ साली त्यांचे निधन झाले आणि १९५२ साली त्यांच्या गाण्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. मनाला काबूत ठेवणे कठीण आहे, हे सांगताना त्यांनी उभ्या पिकात शिरणाऱ्या ओढाळ गुराचे चित्र उभे केले. ज्याने गुरे राखली आहेत, त्याला या एका चित्रातून मनाचा सारा स्वभाव कळतो. बहिणाबाईंना ‘उपमान’ हा शब्द कदाचित ठाऊक नसेल. पण योग्य उपमान कोठे शोधायचे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ते त्यांनी आपल्या कामातून, आपल्या शिवारातून घेतले.

आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण मध्येच सुटले असेल. परंतु शिवणयंत्र, भट्टी, शेत, बाजार, स्वयंपाकघर यांचा आपल्याला जो अनुभव आहे, तोच अलंकारांचा कच्चा माल आहे. या पाठात आपण शिकणार आहोत ती मुख्यतः नावे आणि पारख.

११.४ उपमा आणि तिची चार अंगे

पुढील वाक्य वाचा :

आजीचे हात सागाच्या पानासारखे खरखरीत आहेत.

या वाक्यात चार भाग आहेत.
१. उपमेय : ज्याचे वर्णन करायचे आहे ते. येथे ‘आजीचे हात’.
२. उपमान : ज्याच्याशी तुलना केली आहे ते. येथे ‘सागाचे पान’.
३. साधारण धर्म : दोघांत असलेला सारखा गुण. येथे ‘खरखरीतपणा’.
४. साम्यवाचक शब्द : सारखेपणा दाखवणारा शब्द. येथे ‘सारखे’.

दोन भिन्न वस्तूंतील साम्य जेथे चमत्कृतिपूर्ण रीतीने दाखवलेले असते, तेथे ‘उपमा’ हा अलंकार होतो. सारखा, प्रमाणे, सम, समान, परी, गत, जसा-तसा हे उपमेचे साम्यवाचक शब्द आहेत.

आता एक प्रश्न मनात आणा. खरखरीत वस्तू पुष्कळ आहेत. ‘आजीचे हात पॉलिश कागदासारखे खरखरीत आहेत’ असे म्हटले असते तर? खरखरीतपणा तोच राहिला असता. पण आजी हरवली असती. सागाचे पान मोठे असते, त्याने झोपडी शाकारता येते. कोवळे सागपान चोळले, तर तळहाताला लाल रंग लागतो. म्हणून सागाचे पान म्हणताच खरखरीतपणाबरोबर आसरा आणि आतला ओलावाही मनात येतो. वाक्यात न सांगितलेले इतके काही उपमान आपल्यासोबत घेऊन येते. उपमा चांगली की सामान्य, हे ठरवण्याची कसोटी हीच.

सावधान! ‘सारखा’ किंवा ‘प्रमाणे’ हा शब्द दिसला की उपमा आहे, असे समजू नका.
• ‘तो सारखा बोलत असतो.’ येथे ‘सारखा’ म्हणजे सतत. तुलना नाही.
• ‘नियमाप्रमाणे अर्ज भरा.’ येथे ‘प्रमाणे’ म्हणजे अनुसरून.
• ‘माझी वही तुझ्या वहीसारखी आहे.’ येथे तुलना आहे. परंतु दोन्ही वस्तू एकाच जातीच्या असल्याने चमत्कृती नाही. म्हणून हीही उपमा नव्हे.

काही वेळा उपमेचे एखादे अंग गाळलेले असते. ‘मुसळधार पाऊस’ यात ‘सारखा’ हा शब्द नाही. जाडपणाचा उल्लेखही नाही. तरी तुलना आपल्याला कळते. अशा उपमेला ‘लुप्तोपमा’ म्हणतात. चारही अंगे असतील, तर ती ‘पूर्णोपमा’.

पाठगत प्रश्न – १
१. ‘तव्यावरच्या फुटाण्याप्रमाणे तो तडतडत होता.’ या वाक्यातील उपमेय, उपमान, साधारण धर्म व साम्यवाचक शब्द लिहा.
२. पुढीलपैकी उपमा कोणत्या वाक्यात आहे?
(अ) ठरल्याप्रमाणे आम्ही निघालो. (आ) बाळाचे ओठ डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल आहेत. (इ) हा रस्ता त्या रस्त्यासारखाच आहे.

११.५ उपमेच्या पुढील पायऱ्या

उपमेय आणि उपमान यांचे नाते बदलले की अलंकार बदलतो. तेच आजीचे हात आणि तेच सागाचे पान घेऊन आपण हा बदल पाहू.

(१) उत्प्रेक्षा : आजीचे हात म्हणजे जणू सागाची पानेच!
उपमेत हात पानासारखे होते. येथे ते पानच आहेत की काय, अशी कल्पना केली आहे. ‘जणू’ या शब्दाने बोलणाऱ्याने थोडी शंका राखून ठेवली आहे. जणू, जणू काय, गमे, वाटे, भासे हे उत्प्रेक्षेचे खुणेचे शब्द आहेत.

(२) रूपक : आजीच्या हाताचे सागपान पाठीवरून फिरले आणि मला झोप लागली.
येथे शंका संपली. हात आणि पान वेगळे उरलेच नाहीत. उपमेय व उपमान यांत भेद नाही, ती एकरूप आहेत, असे वर्णन असते तेव्हा ‘रूपक’ होते.

(३) अपन्हुती : हे आजीचे हात नव्हेत, ही सागाची पाने आहेत.
उपमेयाचा निषेध करून ते उपमानच आहे, असे ठासून सांगितले की ‘अपन्हुती’ होते. ‘नव्हे’, ‘नाही’, ‘कशाचे’ हे शब्द तिची ओळख पटवतात.

(४) व्यतिरेक : आजीचे हात सागाच्या पानाहूनही खरखरीत आहेत.
येथे उपमेय उपमानाच्या पुढे गेले. ‘हून’, ‘पेक्षा’, ‘परीस’ हे शब्द पाहा. आजीच्या कष्टांपुढे सागाचे पानही कमी पडले, हा अर्थ उपमेतून मिळाला नसता.

(५) अनन्वय : आजीचे हात आजीच्या हातांसारखेच.
आता उपमानच सापडत नाही. उपमेयाची तुलना उपमेयाशीच केली आहे. अद्वितीयता सांगण्यासाठी हा अलंकार वापरतात.

(६) अतिशयोक्ती : आजीचा हात नुसता फिरला की काळी परातही लख्ख होते.
एखादी गोष्ट तिच्या शक्यतेपलीकडे फुगवून सांगितली की ‘अतिशयोक्ती’ होते. येथे तुलना असावीच लागते असे नाही.

अतिशयोक्ती आणि खोटे बोलणे यांत फरक कोणता? आजीच्या परातीचे वाक्य शब्दशः खरे नाही, हे बोलणाऱ्यालाही माहीत आहे आणि ऐकणाऱ्यालाही. दोघांमध्ये तसा अलिखित करार आहे. ‘सात दिवसांत इंग्रजी फाडफाड बोला’ अशी जाहिरात करणाऱ्याला मात्र तुम्ही ते खरे मानून पैसे भरावेत, असेच वाटत असते. तो करार मोडला की उरते ती फसवणूक. जाहिरात वाचताना किंवा भाषण ऐकताना स्वतःला एवढेच विचारावे : हे मी अलंकार म्हणून ऐकावे, की वचन म्हणून?

पाठगत प्रश्न – २
अलंकार ओळखा.
१. हा पंखा नव्हे, ही तर घरातली गिरणी!
२. शिवणयंत्राचा आवाज म्हणजे जणू पावसाची सर.
३. काकांचा शब्द दगडाहून पक्का.
४. ज्ञानाच्या दिव्याने अज्ञानाचा अंधार पळाला.

११.६ चेतनगुणोक्ती आणि दृष्टान्त

‘रात्रभर वस्तीवरचा हातपंप कण्हत होता.’ कण्हणे हे सजीवाचे काम, हातपंप निर्जीव. निर्जीव वस्तू सजीवांप्रमाणे वागते, अशी कल्पना केली की ‘चेतनगुणोक्ती’ हा अलंकार होतो. या वाक्यात पंपाबद्दल जितके सांगितले आहे, तितकेच रात्रभर रांगेत उभ्या असलेल्या माणसांबद्दलही सांगितले आहे. निर्जीवाला दिलेली भावना बहुधा माणसाचीच असते.

‘संकटातच माणसाची पारख होते, आगीत घातल्यावाचून सोने कळत नाही.’ येथे आधी एक विचार मांडला आणि तो पटवण्यासाठी तसाच दुसरा दाखला दिला. दोन वाक्ये शेजारी उभी आहेत. मध्ये ‘सारखे’ हा शब्द नाही. हा ‘दृष्टान्त’. मराठीत दृष्टान्ताची परंपरा मोठी आहे. महानुभाव पंथातील केशिराजबास यांनी श्रीचक्रधरांचे ११४ दृष्टान्त ‘दृष्टान्तपाठ’ या ग्रंथात एकत्र केले. त्यांत हत्ती चाचपून पाहणाऱ्या आंधळ्यांचा प्रसिद्ध दृष्टान्तही आहे. प्रत्येकाच्या हाताला हत्तीचा एकच अवयव लागतो आणि तेवढ्यालाच तो हत्ती समजतो. अवघड तत्त्व सामान्य माणसाला समजावे, यासाठीच ही योजना.

११.७ शब्दालंकार

आतापर्यंतचे अलंकार अर्थावर आधारलेले होते; म्हणून त्यांना ‘अर्थालंकार’ म्हणतात. जेथे शब्दाच्या नादामुळे किंवा विशिष्ट शब्दाच्या निवडीमुळे सौंदर्य निर्माण होते, तेथे ‘शब्दालंकार’ होतो.

• अनुप्रास : एकाच अक्षराची पुनरावृत्ती. ‘काकूने कढईत कांदा कुरकुरीत केला.’
• यमक : ठरावीक ठिकाणी सारख्या नादाची अक्षरे येणे. ‘आधी पोटोबा, मग विठोबा.’ या म्हणीत पोटाला देवाचे रूपही दिले आहे, हे ध्यानात घ्या. एका वाक्यात दोन अलंकार सुखाने नांदू शकतात.
• श्लेष : एकाच शब्दातून दोन अर्थ निघणे. ‘आमच्या दुकानदाराचे गावात वजन आहे, पण तराजूत नाही.’

श्लेष ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. त्या शब्दाच्या जागी समानार्थी शब्द घालून पाहा. ‘वजन’ काढून ‘प्रतिष्ठा’ लिहिले की तराजूचा विनोद नाहीसा होतो. शब्द बदलताच सौंदर्य गेले, म्हणजे तो शब्दालंकार.

११.८ इंग्रजीच्या पुस्तकातील अलंकार

तुम्ही इंग्रजी हा विषयही शिकत असाल, किंवा घरातील मुलांचा इंग्रजीचा अभ्यास घेत असाल. सहावी-सातवीपासून त्या पुस्तकांत ‘फिगर्स ऑफ स्पीच’ येतात. नावे वेगळी असली, तरी ओळख जुनीच आहे.

सिमिली – उपमा
मेटॅफर – रूपक
पर्सॉनिफिकेशन – चेतनगुणोक्ती
हायपर्बली – अतिशयोक्ती
अलिटरेशन – अनुप्रास
पन – श्लेष

ही जोडी अगदी तंतोतंत जुळत नाही. इंग्रजीत ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ या शब्दांनी तुलना केली की ती सिमिली. म्हणून आपली उत्प्रेक्षाही पुष्कळदा सिमिलीतच धरली जाते. व्यतिरेक आणि अपन्हुती यांना शालेय इंग्रजीत स्वतंत्र नावे नाहीत. ‘मेटॅफर’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थ ‘पलीकडे वाहून नेणे’ असा आहे. एका वस्तूचा अर्थ दुसऱ्या वस्तूपर्यंत वाहून न्यायचा, ही कल्पना आपल्याला आता परकी वाटणार नाही.

खरी अडचण नावांची नसते; उपमानांची असते. घड्याळात मराठी माणसाला ‘काटे’ दिसतात, इंग्रजी माणसाला ‘हात’. सुईच्या भोकाला आपण ‘नाक’ किंवा ‘नेढे’ म्हणतो. इंग्रजीत तोच सुईचा ‘डोळा’ होतो. घुबड मराठीत अशुभ मानले जाते. हिंदीत ‘उल्लू’ म्हणजे मूर्ख. इंग्रजीत मात्र घुबड शहाणपणाचे प्रतीक आहे. स्त्रीच्या डौलदार चालीला आपल्याकडे हत्तीच्या चालीची उपमा देऊन गौरवतात. ती शब्दशः इंग्रजीत नेली, तर अपमान होईल.

इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा बेळगाव येथे राहून मराठी शिकणाऱ्यांना तर हा अनुभव रोजचाच असेल. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, पुस्तकात तिसरी. म्हणून अलंकाराचे भाषांतर करताना शब्द नेऊ नये. त्या भाषेत तोच परिणाम साधणारे उपमान शोधावे. मुलाला सिमिली समजावताना आधी घरातील बोलीतली उपमा विचारावी. ती त्याला येतेच. मग इंग्रजी वाक्याकडे जावे.

११.९ अलंकार कोठे टाळावा?

अतिवृष्टीने नुकसान झालेल्या शेतकऱ्याने अर्ज लिहिला, असे समजा.

(अ) ‘साहेब, आमच्यावर आभाळ फाटले. संसाराची राखरांगोळी झाली.’
(आ) ‘माझ्या शेतातील ३० गुंठ्यांवरील सोयाबीन दोन दिवस पाण्याखाली होते. बांध दोन ठिकाणी फुटला आहे.’

पहिल्या अर्जातील वेदना खोटी नाही. परंतु ‘आभाळ फाटले’ म्हणजे ढगफुटी झाली, की संकट कोसळले? ‘राखरांगोळी’ म्हणजे घराला आग लागली का? पंचनामा करणाऱ्याला क्षेत्र, पीक, दिवस आणि नुकसान यांची नोंद करायची असते. तेथे दुसरे वाक्यच उपयोगी पडते. हीच गोष्ट पोलिसांपुढील जबाबाची, डॉक्टरांना सांगायच्या दुखण्याची आणि पावतीची. जेथे शब्दाचा एकच अर्थ निघायला हवा, तेथे अलंकार टाळावा.

मात्र तोच शेतकरी रात्री बहिणीला पत्र लिहायला बसला, तर ‘ताई, आभाळ फाटले गं’ हेच वाक्य योग्य. बहिणीला गुंठ्यांची संख्या नको असते. भावाच्या मनाची अवस्था कळायला हवी असते. अर्जात जो शब्द अडचण ठरला, तोच पत्रात पुरा पडला. दोन्ही वाक्ये लिहिता येणे आणि केव्हा कोणते लिहावे हे कळणे, हाच भाषा शिकण्याचा अर्थ.

११.१० आपण काय शिकलात?

• अलंकार केवळ शोभा वाढवत नाही. साधे शब्द अपुरे पडतात तेथे अर्थ पुरा करतो.
• ‘सारखे’ म्हटले की उपमा, ‘जणू’ म्हटले की उत्प्रेक्षा, एकरूपता असली की रूपक, निषेध केला की अपन्हुती, उपमेय सरस ठरले की व्यतिरेक, तुलनाच उरली नाही की अनन्वय.
• खुणेच्या शब्दाबरोबर अर्थही तपासावा लागतो.
• उपमान त्या त्या समाजाच्या अनुभवातून येते. म्हणून ते भाषेगणिक बदलते.
• औपचारिक नोंदीत अलंकार टाळावा. आत्मीय लेखनात तो मोकळेपणाने वापरावा.

११.११ उपक्रम

तुमच्या कामाच्या ठिकाणची कोणतीही एक वस्तू निवडा. तिला उपमान मानून तुमच्या घरातील एका व्यक्तीचे वर्णन उपमा, उत्प्रेक्षा, रूपक आणि व्यतिरेक या चार अलंकारांत करा. वाक्ये घरी वाचून दाखवा. कोणते वाक्य सर्वांना लगेच पटले आणि का, ते वहीत लिहा.

११.१२ पाठान्त प्रश्न

१. ‘अलंकार म्हणजे केवळ दागिना नव्हे’ हे विधान उदाहरणासह स्पष्ट करा.
२. उत्प्रेक्षा व रूपक यांतील फरक स्वतःच्या उदाहरणांनी सांगा.
३. अतिशयोक्ती आणि फसवी जाहिरात यांत काय फरक आहे?
४. तुमच्या परिसरातील दुसऱ्या भाषेतील एक तुलना लिहा. मराठीत त्यासाठी कोणते उपमान वापरतात, ते सांगा.
५. गळक्या छताबद्दल घरमालकाला एक अर्ज आणि मित्राला एक पत्र, प्रत्येकी पाच ओळींत लिहा.

११.१३ पाठगत प्रश्नांची उत्तरे

पाठगत प्रश्न – १ : १. उपमेय – तो. उपमान – तव्यावरचा फुटाणा. साधारण धर्म – तडतडणे. साम्यवाचक शब्द – प्रमाणे. २. (आ).
पाठगत प्रश्न – २ : १. अपन्हुती. २. उत्प्रेक्षा. ३. व्यतिरेक. ४. रूपक.